पडद्याच्या तळाशी : महोत्सवांच्या हंगामातली पत्रं

दिवाळीचा फराळ संपत आला की मला दोन प्रकारचे फोन यायला लागतात. "ताई, चार दिवसांत सबटायटल्स होतील का?" हा एक, आणि "ताई, गोव्याच्या चित्रपट महोत्सवात तुमची कुणाशी ओळख आहे का?" हा दुसरा. पहिल्याला मी हो म्हणते आणि रात्री जागते. दुसऱ्याला सांगते की माझी ओळख फक्त पडद्याच्या तळाशी असलेल्या दोन ओळींशी आहे. मराठी सिनेमांना इंग्रजी सबटायटल्स लिहिणं हे गेली 22 वर्षं माझं काम. मधे तीन वर्षं एका छोट्या महोत्सवाच्या प्राथमिक निवडीतही बसले. मागच्या अंकात संपादकांनी महोत्सवांबद्दल प्रश्न मागवले आणि आलेला गठ्ठा माझ्याकडे सरकवला. बहुतेकांनी नाव छापू नका असं बजावलंय, म्हणून फक्त गावं ठेवली आहेत.

मी 24 वर्षांचा आहे. मोबाइलवर 19 मिनिटांची शॉर्टफिल्म केली आहे, बाजारात शेळी विकायला निघालेल्या पोराची. ऑनलाइन प्रवेशिका भरून आतापर्यंत 11 पुरस्कार मिळाले. पण नावाजलेल्या एकाही महोत्सवात निवड होत नाही. काय चुकतंय? (करमाळा)

तुझं पोस्टर पाहिलं. (तुला 'तू'च म्हणते, माझा भाचा तुझ्याएवढा आहे.) पुरस्काराच्या नावाभोवती ती पानांची जोडी छापतात ना, तसल्या अकरा ओंब्यांच्या गर्दीत शेळी शोधावी लागली. तिनं त्या खाऊन टाकल्या असत्या तर पोस्टर सुधारलं असतं.

आता एकच प्रश्न विचारते. या अकरापैकी किती ठिकाणी तुझी फिल्म अंधाऱ्या खोलीत, खुर्च्यांवर बसलेल्या अनोळखी माणसांनी पाहिली? मला वाटतं, एकाही नाही. दर महिन्याला पुरस्कार वाटणाऱ्या, परदेशी शहरांची नावं लावणाऱ्या या महोत्सवांचा तो धंदाच आहे. प्रवेश फी घ्यायची, भरमसाट विभाग काढायचे, जवळपास सगळ्यांना काही ना काही द्यायचं. मी स्वतः यात पैसे घालवले आहेत, एका मैत्रिणीच्या माहितीपटासाठी. पुरस्काराची मेल आली, आम्ही पेढे आणले. मग दुसरी मेल : स्मृतिचिन्ह हवं असेल तर वेगळे पैसे. फिल्म कुठे दाखवली असं विचारलं, तर उत्तर आलं की परीक्षकांनी ती आपापल्या घरी पाहिली. पेढे तोवर संपले होते.

पैसे भरण्याआधी पाहायचं ते एवढंच : मागच्या वर्षीचं वेळापत्रक मिळतं का, त्यात थिएटरचं नाव आणि खेळाची वेळ आहे का, परीक्षक कोण होते, दिग्दर्शकाला बोलावतात का. वेळापत्रक नसेल तर तो महोत्सव नाही, पावती-पुस्तक आहे. लघुपट आणि माहितीपटांसाठी आपल्याकडे चांगल्या जागा आहेत. मुंबईचा 'मिफ' (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) 1990 पासून आहे, तो एक वर्षाआड होतो. तिरुवनंतपुरमला केरळ राज्य चलच्चित्र अकादमी लघुपट-माहितीपटांचा वेगळा महोत्सव भरवते, 2008 पासून. तिथली गर्दी एकदा पाहून ये, फिल्म निवडली गेली नाही तरी.

दुसरं म्हणजे, तू फिल्म यूट्यूबवर टाकून मोकळा झालास. बऱ्याच महोत्सवांना आधी कुठेही न दाखवलेली फिल्म लागते. जगात पहिल्यांदा, आशियात पहिल्यांदा, भारतात पहिल्यांदा अशी त्याची उतरंड असते. पुढच्या वेळी महोत्सवांची फेरी होईपर्यंत पासवर्डवाली लिंक ठेव. आधी मोठ्या दारावर टकटक करायची, मग लहान. उलटं केलंस तर मोठं दार आपोआप बंद होतं.

आणि तिसरं, जे तू विचारलं नाहीस. फिल्म पाहिली. पहिली तीन मिनिटं ड्रोनवरून गाव दिसतं. ड्रोन एका दिवसाच्या भाड्यानं आणला होता आणि पैसे वसूल करायचे होते, हे कळतं. पण शेळी चौथ्या मिनिटाला येते आणि खरी फिल्म तिथे सुरू होते. ते पोरगं तिच्या गळ्यातलं दावं सोडून स्वतःच्या हाताला गुंडाळतं ना, तिथे मी थांबवून मागे जाऊन पुन्हा पाहिलं. त्या दाव्यापासून सुरू कर. सोळा मिनिटांची होईल आणि एकही ओंबी लागणार नाही. तुमच्याच तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला तेव्हा त्यांच्याकडेही फार काही नव्हतं. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'फँड्री' त्यानंतरचा.

मुलगा 26 वर्षांचा. एमआयडीसीतली नोकरी सोडून सिनेमा करायचा म्हणतो. नोव्हेंबरात दहा दिवस गोव्याच्या महोत्सवाला जाणार आहे. तिथे नेमकं काय करतात? की नुसतीच चैन? (रत्नागिरी)

ताई, थोडी चैन असतेच. समुद्र आहे आणि वय आहे. पण काळजी वाटावी इतकी फुरसत त्याला मिळायची नाही. नीट पाहायचं ठरवलं तर सकाळपासून रात्रीपर्यंत चार-पाच सिनेमे होतात आणि मधल्या वेळात जेवण शोधावं लागतं.

हा देशाचा सरकारी महोत्सव. पहिला 1952 साली मुंबईत झाला, पुढे तो शहरं बदलत राहिला आणि 2004 पासून गोव्यात स्थिरावला. त्याच दिवसांत तिथे दुसरंही काही चालतं, ते तुमच्या मुलाला जास्त उपयोगी : राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार (आता 'वेव्हज फिल्म बाजार'), 2007 पासूनचा. नाव बरोबर आहे, तो बाजारच असतो. कुणाकडे फक्त पटकथा असते आणि तो निर्माता शोधत असतो. कुणाचा सिनेमा अर्धवट संकलित झालेला असतो, तो अनुभवी माणसांना दाखवून त्यांची बोलणी खातो. परदेशी महोत्सवांची निवड करणारी माणसं तिथे छोट्या खोल्यांत हेडफोन लावून आपले सिनेमे पाहत बसतात. तिथला प्रवेश वेगळा आणि महाग असतो, म्हणून पहिल्या वर्षी नुसता महोत्सव पाहिला तरी पुरे.

नोकरी सोडली ते मला फारसं पटलं नाही, खरं सांगते. रोहन कानवडे यांचं उदाहरण मुलाला द्या. शिक्षण इंटिरियर डिझाइनचं, फिल्म स्कूलचं तोंड पाहिलेलं नाही. आधी लघुपट केले. मग 'साबर बोंडं' या पहिल्या मोठ्या चित्रपटाची पटकथा कित्येक वर्षं कार्यशाळा आणि बाजार फिरत राहिली. जानेवारी 2025 मध्ये त्याला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या स्पर्धेतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे थिएटरांत लागला. मधली वर्षं कुणी बातमीत छापत नाही, पण घरभाडं त्याच वर्षांत भरायचं असतं.

रेल्वेनं करमळीला उतरायला सांगा, पणजी तिथून जवळ आहे. खोली चौघांत घेतली तर परवडते. बरोबर लाडू द्या, टिकतात. परत आला की एवढंच विचारा : कुठल्या सिनेमातून अर्ध्यावर उठून गेलास, आणि का? त्याला नीट उत्तर देता आलं तर पैसे कामी लागले.

आमचा सिनेमा नांदेडकडच्या बोलीत आहे. सबटायटल्स संगणकानं आपोआप केली तर चालतील का? पैसे वाचतील. (नांदेड)

पैसे वाचतील आणि सिनेमा जाईल. (माझा धंदा आहे म्हणून म्हणत नाही. बरं, थोडं म्हणतेय.)

आधी माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या काळातला सिनेमा. एसटी स्टँडवर आई मुलीला म्हणते, "येते गं," आणि गाडीत बसते. मी सरळ लिहिलं, 'आय ॲम कमिंग'. खेळ संपल्यावर एका परदेशी पाहुण्यांनी दिग्दर्शकाला विचारलं, आई येणार म्हणाली होती, ती शेवटपर्यंत आली का नाही? दिग्दर्शकानं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीखाली चप्पल शोधायला लागले. आपल्याकडे बाईमाणूस "जाते" म्हणत नाही, हे मला जन्मापासून माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही, इतकंच.

मी माणूस असून घसरले, तिथे यंत्राचं काय! नारळ वाढवला, बांगडी वाढवली, दिवा वाढवला, दुकान वाढवलं : या चारही ठिकाणी आपण फुटलं, विझलं, मिटलं हे अशुभ शब्द टाळतो. यंत्रानं एका सिनेमात नवऱ्याच्या मृत्यूनंतर बायकोच्या बांगड्या 'वाढवल्या', म्हणजे संख्येनं. पडद्यावर बाई रडतेय आणि खाली तिचे दागिने वाढतायत. दुसरीकडे 'मामा' म्हणून हाक मारली होती कंडक्टरला, तर खाली आईचा भाऊ अवतरला.

तुमच्या बोलीत तर आणखी गंमत. "मी शेताला जायलो," "काय करायलास?" ही तुमच्याकडची चालू क्रिया. पुण्यातल्या कानालाही ती पहिल्यांदा 'जायला', 'करायला' अशीच ऐकू येते आणि वाक्य अर्धवट वाटतं. यंत्र तेच ऐकणार. म्हणून संवादांची पूर्ण प्रत काढा, प्रत्येक बोलीतल्या ओळीशेजारी प्रमाण मराठीत अर्थ लिहा आणि मग ती भाषांतर करणाऱ्याला द्या. हे काम दिग्दर्शकाच्या आजीला बरोबर घेऊन केलं तर उत्तम. मी एकदा तसं केलंय, चार दिवस जेवणही झकास मिळालं.

बोली आहे म्हणून इंग्रजी मोडकंतोडकं करू नका. खेड्यातला माणूस स्वतःच्या भाषेत मोडकं बोलत नसतो, तो अस्सल बोलत असतो. साधं, नेटकं इंग्रजी ठेवा. पात्रं मधेच भाषा बदलत असतील तर विचार करा. 'कोर्ट' या चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी आहे. आपल्याला ऐकताच कळतं की आरोपीची भाषा एक आणि कामकाजाची दुसरी, पण परदेशी प्रेक्षकाला खाली सगळं इंग्रजीच दिसतं. यावर पक्का उपाय मला अजून सापडलेला नाही. काही जण एका भाषेसाठी तिरका टाइप वापरतात, मला तो डोळ्याला टोचतो. व्हेनिसला 2014 मध्ये त्या चित्रपटानं 'ओरिझोन्ती' विभागातलं पहिलं पारितोषिक आणि पदार्पणाचा पुरस्कारही मिळवला, म्हणजे काही ना काही पलीकडे पोचतंच.

आता रोजच्या कामाच्या गोष्टी. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण 40 अक्षरं. वाचून व्हायला वेळ ठेवा. माणूस चेहरा पाहायला आलाय, वाचायला नाही. ओव्या, अभंग यांचा अर्थच द्या, यमक जुळवत बसू नका. आणि सबटायटल्स चित्रावर कायमची छापू नका. वेगळी फाइल द्या आणि कोरी प्रत जपून ठेवा, कारण काही महोत्सव स्वतःच्या भाषेत व्यवस्था करतात. बर्लिनला लहान मुलांच्या विभागात तर सिनेमा चालू असताना एक माणूस माइकवर जर्मनमध्ये संवाद वाचतो, पोरांना वाचायची घाई नको म्हणून. गुहागरला चित्रित झालेला 'किल्ला' 2014 साली तिथल्या बालपरीक्षकांना आवडला आणि स्फटिकाचं अस्वल घेऊन आला. त्या पोरांनी कोकणातला पाऊस जर्मनमध्ये ऐकला, असं म्हणायचं.

महोत्सवात दाखवायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं का? (कोल्हापूर)

साधारणपणे नाही. महोत्सव भरवणारे केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून त्या खेळांपुरती सूट मागतात. ते काम त्यांचं. मात्र थिएटरात लावायचा असेल किंवा राष्ट्रीय पुरस्कारांना पाठवायचा असेल तर प्रमाणपत्र हवंच, आणि त्याची तारीख कुठल्या वर्षात पडते यावर तुमचा सिनेमा कुठल्या वर्षाच्या पुरस्कारात जातो ते ठरतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करणारे निर्माते मी पाहिले आहेत.

आमचा चित्रपट अहिराणीत आहे. अर्जात 'मराठी' लिहू की 'अहिराणी'? मित्र म्हणतात, मराठी लिहिलंस तरच विचार होईल. (साक्री, जि. धुळे)

अहिराणी लिहा. पात्रं जे बोलतात ते लिहायचं. राष्ट्रीय पुरस्कारांत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेरच्या भाषांसाठी स्वतंत्र जागा आहे, याच कारणासाठी. मराठी चित्रपटांच्याच स्पर्धेत पाठवायचा असेल तर आयोजकांना आधी मेल करून विचारा, आणि उत्तर जपून ठेवा. मित्रांचं म्हणणं अगदीच चूक नाही. अर्ज चाळणारा माणूस अनोळखी भाषा पाहून क्षणभर थबकतो. पण थबकला म्हणजे निदान पाहिलं तरी! शेकडो अर्जांत ही संधी लहान नाही.

मी निवृत्त आहे, वय 63. सिनेमा करायचा नाही, फक्त पाहायचाय. पुण्याच्या महोत्सवाला पहिल्यांदाच येतोय. सुरुवात कुठून करू? (सातारा)

तुमचं पत्र वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! साठ पत्रांत दाखवणारे सत्तावन्न आणि पाहणारे तीन.

पुण्याचा महोत्सव 2002 पासून, जानेवारीत. पुणे फिल्म फाउंडेशन भरवतं, राज्य सरकारचा पाठिंबा आहे आणि डॉ. जब्बार पटेल सुरुवातीपासून त्याचे धुरीण. त्यात मराठी चित्रपटांची वेगळी स्पर्धा असते, तिच्या पारितोषिकाचं नाव 'संत तुकाराम'. माझा सल्ला उफराटा आहे : युरोपातले गाजलेले सिनेमे नंतर कुठे ना कुठे बघायला मिळतील, तुम्ही आधी मराठी स्पर्धेतले ते दोन-तीन बघा ज्यांच्या दिग्दर्शकाचं नाव कधी ऐकलं नाही. त्यातले काही पुढे थिएटरात एखाद्या आठवड्यापुरते, दुपारी साडेबाराच्या खेळाला लागतात. काही लागतच नाहीत. इथे मात्र सभागृह भरलेलं असतं आणि दिग्दर्शक मागच्या भिंतीला टेकून, श्वास रोखून तुमच्या पाठी पाहत असतो. हसू आलं तर मोठ्यानं हसा. त्याला ऐकू जातं.

दिवसाला तीनच सिनेमे ठेवा. पाचवा सिनेमा झोपेत पाहिला जातो. माझ्या आयुष्यातली सर्वात गाढ झोप मला इराणी चित्रपटांत लागली आहे, त्यात त्यांचा दोष नाही. थंडी असते, आत एसीही असतो, शाल आणा. खेळानंतर प्रश्नोत्तरं असतील तर थांबा. पण प्रश्न विचारा, भाषण नको. दर वर्षी एक गृहस्थ उठतात, "माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे," असं म्हणतात आणि पुढची सात मिनिटं आपल्या तरुणपणाबद्दल बोलतात. ते तुम्ही होऊ नका.

चटक लागलीच तर पुढल्या डिसेंबरात तिरुवनंतपुरमला जा. 1996 पासूनचा महोत्सव. त्यांच्या मुख्य स्पर्धेत फक्त आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले चित्रपट घेतात. नव्या भारतीय दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठी मल्याळम दिग्दर्शक के. आर. मोहनन यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे, आणि एक पुरस्कार प्रेक्षक मत देऊन ठरवतात. म्हणजे तुमच्यासारख्यांच्या हातात.

मी शिक्षिका आहे, वय 41. साठवलेल्या पैशांतून, सुट्ट्यांमध्ये 80 मिनिटांचा चित्रपट पूर्ण केला. तीन महोत्सवांनी नाकारला. नकाराचं दुःख नाही, पण कारण कुणीच सांगत नाही. कुठे सुधारू? (परभणी)

बाई, कारण सांगत नाहीत कारण बहुतेकदा सांगण्याजोगं कारण नसतं. मी त्या खुर्चीत बसले आहे. संध्याकाळी घरचं आवरून लॅपटॉप उघडायचा, समोर त्या आठवड्याचे पंधरा सिनेमे. पहिला पाहताना मन ताजं असतं. तिसऱ्याच्या वेळी शेजारचा कुकर ऐकू येतो. प्रत्येक फिल्म दोघं-तिघं पाहतात, म्हणून एकाच्या कंटाळ्यानं कुणाचं नशीब ठरत नाही, पण शेवटच्या यादीत जागा मोजक्या. आई-मुलीचे चार चांगले चित्रपट त्याच वर्षी आले तर त्यातले दोन राहून जातात. ते दोन कमी असतात असं नाही. आम्ही एकदा एका चित्रपटासाठी तासभर भांडलो, तो राहून गेला, आणि त्याच्या दिग्दर्शिकेला गेली ती मेल तीच, छापील. ती माझ्या अजून मनात आहे. मेल नव्हे, फिल्म.

तीन नकार म्हणजे काहीच नाही. पण चौथ्या ठिकाणी पाठवताना महोत्सव निवडून पाठवा. धरमशालेचा महोत्सव पाहा. रितू सरीन आणि तेनझिंग सोनम यांनी 2012 साली मॅक्लिओडगंजला सुरू केला. तिथे स्पर्धाच नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. निवडलेले सिनेमे दाखवतात आणि करणाऱ्यांशी लोक बोलतात. हिमालयाच्या पट्ट्यातल्या नवोदितांना हाताशी धरण्याचा त्यांचा वेगळा उपक्रमही आहे. तो तुमच्यासाठी नाही, पण महोत्सवाचा स्वभाव त्यातून कळतो. नोव्हेंबरच्या सुमारास असतो, त्यामुळे अर्ज बरेच आधी करावे लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतच तयारी ठेवा.

अर्जासोबत दिग्दर्शकाचं मनोगत मागतात. तुम्ही मला पाठवलेल्या मनोगतात 'स्त्रीच्या अंतर्मनाचा वेध' असं आहे. ते काढा. त्याऐवजी पत्रात तुम्ही मला जे लिहिलंत तेच लिहा : सहावीच्या वर्गातल्या मुलीनं घरी नळ आल्यावर शाळेत यायचं बंद केलं आणि तुम्हाला ते कोडं सुटेना, म्हणून सिनेमा केला. हे वाचून कुणीही फिल्म उघडेल.

मीही उघडायला गेले. काल रात्री तीनदा प्रयत्न केला. तुम्ही पाठवलेल्या लिंकचा पासवर्ड चालत नाही, शेवटचा आकडा सुटलाय असं वाटतं. त्या तिन्ही महोत्सवांना हाच पाठवला होता का?